पंख्याचा मुहूर्त

"ऑल क्लिअर, शेठ," असं म्हणून मी मीटर मिलमालक कांतिशेठच्या चष्म्यासमोर धरला. काटा शून्यावर होता. शेठनी मान डोलावली, पुजाऱ्याला खूण केली, आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला बाहेर अंगणात गेलो.

मीटरचा पट्टा गळ्यातच होता. त्याचा रबरी फुगा सवयीने दोन-चारदा दाबला गेला. बशीत चहा ओतताना सहज काट्याकडे नजर गेली. काटा शून्यावर नव्हता. शून्याच्याही डावीकडे, जिथे आकडे संपतात तिथे, पिनेला टेकून उभा होता.

मीटर बिघडला, असं मला आधी वाटलं. माणूस पहिल्यांदा दुसऱ्याचीच चूक शोधतो आणि मीटर काही उलटून बोलत नाही. मग शून्य कुठे केला होता, ते आठवलं.

हा मीटर म्हणजे काय ते सांगतो. त्याला एक्स्प्लोसिमीटर म्हणतात. हवेत पेट घेणारी वाफ किती आहे हे तो दाखवतो. एक पेटी, एक लांब नळी आणि डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतात तसला फुगा. फुगा दाबला की नळीतून हवा आत ओढली जाते, आतल्या तापलेल्या तारेवर त्या हवेतली वाफ जळते, तार आणखी तापते आणि काटा उजवीकडे सरकतो. आमचे कामगार म्हणायचे, साहेब मशीनचं बीपी बघायला आले. वापरण्याआधी एकच पथ्य असतं. मोकळ्या हवेत उभं राहायचं आणि बटण फिरवून काटा शून्यावर आणायचा.

मोकळ्या हवेत. हे मी इतरांना फळ्यावर लिहून शिकवत असे. त्या सकाळी मात्र घाई होती, दिवाळीचा नवा शर्ट अंगावर होता आणि शेठची माणसं बघत होती. कापड वाळवायच्या ड्रायरचं दार किलकिलं करून नळी आत सरकवली तेव्हा आठवलं की शून्य करायचं राहिलं. तिथेच, नळी आत असतानाच, बटण फिरवलं. भाजीवाल्याने पारड्यात वांगी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग गिऱ्हाइकाला सांगावं की या वांग्यांना वजनच नाही, तसं ते झालं.

बाहेरच्या स्वच्छ हवेत काटा शून्याखाली जातो, याचा अर्थ एकच. ड्रायरमधल्या ज्या हवेला मी शून्य म्हणालो होतो, ती वाफेने भरलेली होती. आणि आत त्याच दारासमोर आरतीचं ताट सजत होतं.

चहा तसाच कट्ट्यावर ठेवला. तो कोणी प्यायला, देव जाणे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरतेतल्या एका प्रिंटिंग मिलची. साड्यांच्या कापडावर रंग छापायचे आणि वाळवायचे, एवढाच आमचा धंदा. मी तिथे सेफ्टी ऑफिसर होतो. पूर्ण पद सांगायचं तर सेफ्टी, मेंटेनन्स, कँटीन आणि सायकल स्टँड. मालकांच्या लेखी यातलं सायकल स्टँड सर्वांत महत्त्वाचं होतं, कारण तिथे रोज भांडणं होत. सेफ्टीत कधी काही होत नसे, म्हणून ते शेवटी.

मी अमळनेरकडचा, त्यामुळे कामगारांशी माझं जमायचं. मिलमधले अर्धेअधिक लोक खानदेशातले आणि राहायला लिंबायतला. ड्रायरवरचा ऑपरेटर रामदास आमच्याच तालुक्यातला. उंच, काळा, ओठांवर जाड मिशी, आणि आवाज असा की ब्लोअर चालू असतानाही त्याची हाक ऐकू यायची. त्याच्या मोठ्या मुलीचं, सोनीचं, लग्न ठरलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या सकाळी गेटवरच त्याने मला गाठलं होतं.

"साहेब, तुळशीनं लगीन झायं का आमना सोनीनं लगीन शे. तुमले आनी वहिनीले येवनं पडी."

"येणार. जेवायला काय आहे ते सांग."

"तुम्ही आधी या त. जेवन पाहीनच घाबरी जाशात."

त्या दिवशी लाभपंचमी होती. सुरतेत दिवाळीला मिली बंद होतात आणि लाभपंचमीला मुहूर्त बघून उघडतात. आमच्याकडची रीत अशी होती. शेठच्या आई, ज्यांना सगळी मिल 'बा' म्हणायची, ड्रायरच्या उघड्या दारासमोर उभ्या राहून मशीनला दिव्याने ओवाळायच्या. उंबरठ्याशी नारळ फुटायचा. मग बा स्वतः हिरवं बटण दाबायच्या आणि आतला गॅसचा बर्नर भप्प करून पेटायचा. त्या भप्प आवाजाला सगळे टाळ्या वाजवायचे. मुहूर्ताच्या घटकेत ज्योत पेटली की वर्ष चांगलं जाणार. पेढे वाटले जायचे.

माझ्यासारख्याला तो आवाज कधीच आवडला नाही. पण पेढे मी खात होतो.

आता त्या ड्रायरमध्ये वाफ का होती? ड्रायर म्हणजे एक मोठी लोखंडी खोली. छापलेलं ओलं कापड आतून फिरत जातं आणि गरम हवेने वाळतं. छपाईचा रंग घट्ट आणि मऊ राहावा म्हणून त्यात तेव्हा रॉकेल घोटत असत, लोण्यासारखं होईपर्यंत. कापड वाळतं म्हणजे त्यातलं रॉकेल उडतं. ते वर साठू नये म्हणून छपरावर एक भला मोठा ब्लोअर, म्हणजे हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा, सतत चालवावा लागतो. त्या वर्षी खरेदीवाल्यांनी रॉकेलऐवजी कुठलंसं सॉल्व्हंट आणलं होतं. रॉकेलपेक्षा पातळ आणि उडायला फार चपळ. सुट्टीच्या आदल्या पाळीला सगळ्यांना गावच्या गाड्या पकडायच्या होत्या. कापड अर्धं छापून तसंच ओलं ड्रायरमध्ये लटकत राहिलं, दारं लागली, पंखा बंद झाला, आणि माणसं नंदुरबारकडे निघून गेली. बंद खोलीत ते सॉल्व्हंट आमची वाट बघत बसलं.

वास नाही आला का, असं लोक विचारतात. प्रिंटिंग मिलमध्ये कायमच वास असतो. त्यावर त्या दिवशी झेंडू, अत्तर आणि धूप. नाक बिचारं केव्हाच राजीनामा देऊन गेलेलं असतं.

आधी मी धावत अंगणाच्या टोकाला गेलो, गेटजवळ, आणि तिथे काटा नीट शून्यावर आणला. मग शेडमध्ये शिरलो. ड्रायरच्या दाराच्या फटीतून नळी आत घातली, फुगा दाबला. काटा अर्ध्याच्या बराच पुढे जाऊन थांबला.

हे अर्धं म्हणजे काय? हवेत वाफ फार थोडी असेल तर ती पेटत नाही. एका मर्यादेपर्यंत आली की मग तिला फक्त एक ठिणगी हवी असते. मीटरवर त्या मर्यादेला शंभर म्हणतात. शिस्त अशी की काटा जरा जरी हलला तरी आगीचं काम बंद. आम्ही निम्म्याच्या पुढे होतो. शिवाय मी नळी दाराशी धरली होती, खाली कोपऱ्यात काय असेल ते माहीत नव्हतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बसून राहते. आणि बर्नरने खोली तापायला लागली की कापडातलं उरलेलं सॉल्व्हंट भराभर उडणार.

रामदास पांढरी टोपी घालून दाराशी उभा होता. दार पूर्ण उघडायचा मान त्याचा.

"साहेब, बीपी कितलं?"

"जास्त आहे. दाराला हात लावू नको. मागे हो."

"आत्ते त क्लिअर सांगं ना तुम्ही?"

"तेव्हा मी गाढव होतो. मागे हो."

तो हसला. त्याला वाटलं, साहेबांची दिवाळी अजून उतरली नाही. मागे मात्र झाला.

वळून बघतो तर बा ताट घेऊन दहा-बारा हातांवर आलेल्या. ताटात तुपाचा दिवा पेटलेला. मागे शेठ, पुजारी, ऑफिसची माणसं, कामगार, सगळे. मी दोन्ही हात आडवे केले आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"दिवा विझवा!"

लाभपंचमीच्या सकाळी, मुहूर्तावर, शेठच्या आईच्या हातातला दिवा. आपल्याकडे दिव्याला विझवा म्हणत नाहीत, निरोप द्या म्हणतात. गुजरातीतही तसंच असावं. पुजाऱ्याने कानांवर हात ठेवले. कोणीतरी मागे 'अरेरे' केलं. कांतिशेठचा चेहरा झेंडूच्या रंगाचा झाला.

शेठ गुजरातीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचो, रागावलो तर मराठीत. इथे सगळं मराठीतच सांगतो.

"सोनवणेभाई," शेठ म्हणाले, "तुम्हीच आत्ता ऑल क्लिअर म्हणालात."

"चुकलो, शेठ. मीटर आत शून्य केला."

"म्हणजे?"

"म्हणजे वांग्याच्या वजनासकट..." म्हणालो आणि थांबलो. वांग्यांची वेळ नव्हती. "आत वाफ आहे. दिवा दाराशी आला तर भडका होईल. बर्नर पेटवला तर ही खोली फुटेल."

"दर वर्षी पेटवतो. कधी फुटली?"

"दर वर्षी रॉकेल होतं. दर वर्षी ड्रायर रिकामा करून जायचे."

"मुहूर्त जातोय," पुजारी हळूच म्हणाला. त्याच्या हातात घड्याळ होतं.

शेठ माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "सोनवणेभाई, एक चूक तुमची आत्ता झालीच आहे. दुसरीही तुमचीच नसेल कशावरून? मीटर तेव्हा खोटा होता, तर आता खरा कसा?"

खरं सांगतो, प्रश्न रास्त होता. जो माणूस अर्ध्या तासात दोन उलटी उत्तरं देतो, त्याच्यासाठी कोणी मुहूर्त का मोडावा? मी नुसता हात आडवे करून उभा राहिलो. नव्या शर्टाला काखेत घाम आला होता. मनात आलं, मी बाजूला झालो आणि काहीच झालं नाही, तर उद्या सायकल स्टँडसुद्धा हातात राहणार नाही. आणि बाजूला झालो आणि झालं, तर दाराशी सगळ्यांत जवळ रामदास. कारण दार उघडण्याचा मान त्याचा.

तेवढ्यात बा पुढे आल्या. ठेंगण्या, गुडघ्यांनी अधू, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी मुलाला हाताने बाजूला केलं आणि मला एकच शब्द विचारला.

"सळगशे?"

पेटेल का. मी खोटं बोलू शकत होतो. नक्की, असं म्हणायला हवं होतं. पण एकदा तोंडघशी पडलेला माणूस नेमकं बोलायला लागतो.

"कदाच, बा," मी म्हणालो. कदाचित.

बांनी माझ्याकडे पाहिलं, मग रामदासकडे, मग दाराकडे. "कदाच एटले बस," त्या म्हणाल्या. कदाचित म्हणजे पुरे. दिवा त्यांनी विझवला नाही. पदर आडवा धरून त्या स्वतः तो घेऊन वळल्या, अंगणाच्या पार टोकाला गेल्या आणि तुळशीपाशी ठेवून आल्या. पुजाऱ्याने धुपाटणंही मागे नेलं.

आता प्रश्न मुहूर्ताचा. शेठ बडबडत होते, की वर्ष बिघडलं, की शेजारच्या मिलीत टाळ्या वाजल्यासुद्धा. आणि तेव्हा मला, म्हणजे ज्याला साधा मीटर लावता आला नाही त्याला, एक गोष्ट सुचली.

"बा, मशीन आधी श्वास घेतं, मग जेवतं. पंखा म्हणजे मशीनचा श्वास. यंदा मुहूर्त पंख्याचा करू. तुम्ही पंख्याचं बटण दाबा. मशीन मुहूर्तावर सुरू झालं असंच होईल. ज्योत मागाहून."

पुजाऱ्याने विचार केला. प्राण आधी, अग्नी नंतर, शास्त्राला धरून आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. मी त्याला आजही दुवा देतो.

पंखा सुरू करणंही तसं जोखमीचं असतं, कारण मोटरला ठिणगी पडू शकते. पण आमची मोटर छपराच्या वर, हवेच्या वाटेबाहेर होती, आणि तिचं बटण भिंतीपलीकडच्या पॅनल रूममध्ये. आधी मी शेडमधून सगळ्यांना बाहेर काढलं. रामदास आणि मी, दोघांनीच ड्रायरची दारं उघडली, अंगठीसुद्धा लोखंडाला लागणार नाही अशा बेताने. उग्र वासाचा एक लोट बाहेर आला. तेव्हा रामदासच्या मिशीखालचं हसू गेलं. तो ओल्या कापडाकडे बघत राहिला.

"चल," मी म्हणालो.

पॅनल रूमपर्यंत बांना हाताला धरून न्यावं लागलं. तिथे आणखी एक गोष्ट दिसली. पॅनलमध्ये एक टायमर होता. पंखा पुरेसा वेळ चालून आतली हवा धुतल्याशिवाय बर्नर पेटूच नये, यासाठी तो बसवलेला असतो. आमच्या टायमरला बगल देऊन कोणीतरी वायरचा एक तुकडा जोडला होता. आमच्या भाषेत जंपर. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "साहेब, तो पंखा चालून होईपर्यंत मुहूर्त टळतो ना. म्हणून दर लाभपंचमीला लावतो."

"आणि काढतोस कधी?"

"काढायचा असतो?"

बांनी पंख्याच्या बटणाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि बटण दाबलं. छपरावर घरघर झाली. सुट्टीत पाइपच्या तोंडाशी कबुतरांनी संसार थाटला होता. तो सगळा, काड्या, पिसं आणि काजळीसकट, अंगणात उभ्या असलेल्या मंडळींवर आला. शेठच्या पांढऱ्या सफारीवर बराच, घरघर ऐकून बाहेर धावलेल्या माझ्या नव्या शर्टावर थोडा. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

दुपार टळून गेल्यावर काटा शून्यावर आला. खऱ्या शून्यावर. ओलं कापड काढलं, उरलेल्या सॉल्व्हंटचे ड्रम बाहेर उघड्यावर नेले, जंपर मी स्वतः तोडला. मग रामदासने बर्नर पेटवला. भप्प झालं. बघायला आम्ही दोघंच होतो.

काहीच घडलं नाही. आमच्या धंद्यातली अडचण हीच. काही घडलं तर सेफ्टी ऑफिसर कुठे होता, असं विचारतात. नाही घडलं तर सेफ्टी ऑफिसर कशाला हवा, असं विचारतात. न झालेल्या स्फोटाचा फोटो काढता येत नाही. मिलमध्ये माझं नाव 'पंखाशास्त्री' पडलं. रामदास स्वतः कँटीनमध्ये माझी नक्कल करायचा, हात आडवे करून, 'दिवा विझवा', आणि सगळी पंगत लोळायची. शेठ त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलले. धंदा त्या वर्षी मंदा होता. तो सगळ्यांचाच मंदा होता, पण आमच्याकडे त्याचं कारण माहीत होतं.

घरी ही हकीकत मी मंगलला, माझ्या बायकोला, सांगितली. तिने शर्ट धुवायला घेतला आणि एवढंच म्हणाली, "पिसांचे डाग निघतात."

तुळशीच्या लग्नानंतर सोनीचं लग्न झालं. लिंबायतच्या गल्लीत मांडव, बँड, आणि जेवण खरोखर घाबरण्यासारखं, तेलाचा तवंग असलेली वांग्याची भाजी आणि बट्ट्या. वांगी बघून मला हसू आलं आणि कोणाला सांगताही येईना. रामदास वरातीत नाचला. बापाने नाचू नये म्हणून म्हातारे ओरडत होते, तो ऐकेना. नाचता नाचता त्याने मलाही ओढलं आणि त्याचा अख्खा बूट माझ्या चपलेतल्या अंगठ्यावर आला. नख काळं पडलं, मग गळून गेलं. मी महिनाभर लंगडत होतो. मिलमध्ये विचारलं की सांगायचो, इंडस्ट्रियल ॲक्सिडेंट.

पुढच्या उन्हाळ्यात बा गेल्या. त्यानंतर मला हजीऱ्याच्या एका मोठ्या प्लँटमध्ये नोकरी लागली. तिथे सेफ्टीसाठी वेगळं ऑफिस होतं, एसी होता, आणि सायकल स्टँड दुसऱ्याकडे होतं. मी हरखून गेलो. मिल सोडताना माझ्या जागी आलेल्या माणसाला पॅनल दाखवला, टायमर दाखवला, लाभपंचमीला पहिला पंखा हे तीन-तीनदा सांगितलं. तो मान डोलवत होता. भला माणूस होता. पण त्या मिलमध्ये हात आडवे करून उभं राहण्याइतकी ओळख त्याची अजून व्हायची होती, आणि 'कदाच एटले बस' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या लाभपंचमीला मी हजीऱ्याला माझ्या एसी ऑफिसात होतो. मिलमधल्या टाइमकीपरचा फोन आला. तो सांगत होता. मुहूर्त या वेळी शेठच्या जावयाच्या हातून होता. मागच्या वर्षी पंख्याने सुरुवात केली आणि वर्ष मंदीचं गेलं, म्हणून यंदा आधी ज्योत. नव्या साहेबांनी काहीतरी सांगून पाहिलं, त्यांना पेढे आणायला पाठवलं. जंपर परत लागला होता. आत कापड होतं की नाही, यावर नंतर दोन मतं झाली. जावयाने बटण दाबलं, ज्योत पेटली नाही. परत दाबलं, नाही पेटली. दर दाबण्याला थोडा गॅस आत जात राहिला असणार. मग कोणीतरी म्हणालं, बघ रे काय झालंय. रामदासने दार उघडून आत डोकावलं, आणि त्याच वेळी बटण पुन्हा दाबलं गेलं.

दार पलीकडच्या भिंतीत जाऊन रुतलं. बाकीचे भाजले, बहिरे झाले, वाचले. रामदास सिव्हिल हॉस्पिटलात थोडे दिवस होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या तोंडाला पट्ट्या होत्या. मोठा आवाज होता त्याचा, तो गेला होता. मी कोण ते त्याला कळलं असं वाटलं, कारण त्याने पट्टी बांधलेला एक हात थोडासा आडवा केला. नक्कल होती की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याचं दिवसकार्य उरकल्यावर मंगल आणि मी लिंबायतला गेलो. रामदासची बायको विमल भिंतीला टेकून बसली होती. सोनी सासरहून आली होती, तिला दिवस गेले होते. कोणीतरी चहा आणला. तो तसाच गार झाला. मग विमल माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, तुम्ही व्हतात तवय तुमले समदा हसेत. आमना घरना बी हसेत."

मी म्हणालो, "हो, हसायचे." दुसरं काय म्हणणार?

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर लोक ट्रेनिंगला बोलावतात तेव्हा मी दोनच गोष्टी सांगतो. पहिली, मीटर मोकळ्या हवेत शून्य करा. दुसरी, जो बंदोबस्त एका माणसाच्या हट्टावर उभा आहे तो बंदोबस्त नव्हे. त्या माणसाची बदली झाली की तो त्याच्याबरोबर जातो. मला तेव्हा जंपर तोडल्याचं समाधान वाटलं होतं. पुन्हा लावताच येणार नाही असा बंद पॅनल करून घ्यायला हवा होता. पोरं वहीत उतरवून घेतात. पहिल्या गोष्टीला हसतातही.

त्या दिवशी लिंबायतहून आम्ही रिक्षाने परतत होतो. उधन्याचा पूल आला तेव्हा मी म्हणालो, "मागच्या वर्षी मी थांबवलं होतं."

"थांबवलं कुठे," मंगल म्हणाली. "लांबवलं."

मला ते लागलं. ते तिलाही कळलं असावं. रिक्षा फाटकाशी थांबली, मालगाडी जात होती, बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. गाडी गेली. मंगलने माझ्या पायाकडे पाहिलं. अंगठ्याचं नख परत आलं होतं, पण वाकडं.

"सोनीच्या वरातीत नाचला तो," ती म्हणाली. "म्हातारे ओरडत होते तरी नाचला. लांबवलंत त्यात तेवढं झालं. ते धरा तुमच्याकडचं. आणि उतरल्यावर वांगी घेऊ नका, मी करणार नाही आज."